स्वतःला न खोडणारा प्रोग्राम

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत विहिरीच्या मोटारीला मायक्रोकंट्रोलरवर चालणारा ऑटो बसवला, की रात्री वीज येताच मोटार सुरू होते आणि एखादा फेज गेला की बंद पडते. हे वर्षानुवर्षे चालते, पण आतल्या प्रोग्रामचे एक अक्षरही बदलत नाही. याचे श्रेय प्रोग्रामरच्या शिस्तीला देण्याची पद्धत आहे. इतिहास पाहिला तर ते रॉमला, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीला, द्यावे लागते.

सुरुवातीच्या संगणकांत प्रोग्रामने स्वतःला बदलणे हाच रीतसर मार्ग होता. केंब्रिजच्या एड्सॅकवर (1949) डेव्हिड व्हीलरने सबरूटीनची जी युक्ती बसवली, तिच्यात सबरूटीन आधी स्वतःच्या शेवटी परतीची आज्ञा लिहून घेई आणि मग कामाला लागे. इंडेक्स रजिस्टर नसल्याने यादीतला पुढचा आकडा हवा असला, तरी आज्ञेतलाच पत्ता वाढवावा लागे.  मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये आलेल्या सीडीसी 3600 या यंत्रातही परतीचा पत्ता सबरूटीनच्या पहिल्याच शब्दात लिहिण्याची सोय होती. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मेमरी तुटपुंजी होती आणि ती सगळी लिहिता येण्याजोगी होती.

मायक्रोकंट्रोलरने ही मुभाच काढून घेतली. इंटेलच्या 8051 मध्ये (1980) 4 किलोबाइट रॉम आणि अवघी 128 बाइट रॅम होती. कोड मेमरीत लिहिणारी आज्ञाच त्यात नाही. आता फ्लॅश आली, तिच्यात लिहिता येते, असा आक्षेप कोणी घेईल. पण एटीमेगा 328 च्या फ्लॅशची हमी 10,000 वेळा पुसून लिहिण्यापुरतीच आहे. दर फेरीला आज्ञा बदलत बसले तर ही हमी काही मिनिटांतच संपेल.

तरीही न बदलणारा कोड रीएन्ट्रंट असतोच, असे नाही, आणि खरी गल्लत इथेच होते. रूटीन अर्धवट चालू असताना त्याला पुन्हा हाक मारली आणि तरीही दोन्ही कामे बिनचूक झाली, तरच ते रीएन्ट्रंट. ऑटोची मुख्य फेरी व्होल्टेजचा गुणाकार करत आहे, मधली बेरीज रॅमच्या ठरलेल्या घरात आहे. तेवढ्यात चालू काम मध्येच थांबवणारा टायमरचा इंटरप्ट येतो आणि तेच रूटीन वापरतो. घरातली बेरीज पुसली जाते, व्होल्टेज चुकीचे निघते, मोटार विनाकारण बंद पडते. रॉम जशीच्या तशी असते. असा घोटाळा क्वचितच होतो, म्हणून दोष लागतो विजेला.

मग प्रत्येक रूटीन रीएन्ट्रंटच का करू नये? त्यासाठी मधले आकडे स्टॅकवर ठेवावे लागतात आणि 8051 चा स्टॅक त्याच इवल्याशा रॅममध्ये राहतो. म्हणूनच केइलच्या सी कंपायलरमध्ये स्थानिक चलांना सहसा ठरलेली घरे मिळतात आणि रीएन्ट्रंट फंक्शन हवे असल्यास तसे मुद्दाम लिहावे लागते. लहान चिपवर तो हट्ट धरू नये. इंटरप्टने फक्त खूण करून परत यावे. गुणाकार मुख्य फेरीतच उरकावा.