गुन्हा डोक्यात की जन्मात?

गुन्हा करणाऱ्याला बऱ्यावाईटाची जाणच नसते, ही समजूत अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या इतिहासापुढे टिकत नाही. आजच्या जालना जिल्ह्याचा भोकरदन-जाफराबादकडचा उत्तर भाग या रांगेला भिडतो. इथल्या आणि खानदेशातल्या भिल्लांकडे पूर्वी गावांची आणि घाटवाटांची राखण असे, त्याबद्दल त्यांना गावाकडून हक्क मिळत. १८०३ साली असईची लढाई याच मुलखात झाली. सैन्यांची ये-जा, पेंढारी आणि त्या वर्षांतला दुष्काळ यांत गावं उजाड झाली, हक्क बुडाले. १८०४ मध्ये पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावला भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केली. त्यानंतर डोंगरातून ज्या धाडी उतरू लागल्या, त्यांना गावकरी लूट म्हणत. धाड घालणाऱ्याच्या हिशेबात मात्र ती बुडालेल्या हक्काची वसुली होती. इंग्रजांनी आधी फौजा पाठवल्या, त्यांतून फारसं साधलं नाही. मग १८२५ मध्ये जेम्स औट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारायला घेतली आणि कन्नडसारख्या ठिकाणच्या भिल्ल एजन्सीतून शेतीसाठी जमीन आणि तगाई मिळू लागली. धाडी घालणारे डोंगर राखू लागले. माणसं तीच होती आणि त्यांचं रक्तही तेच होतं. बदलला तो त्यांचा राज्याशी असलेला हिशेब. गुन्ह्यामागे न्याय-अन्यायाचा काही विचार असतो आणि तो विचार बदलू शकतो, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला तरी दिसत नाही.

अर्थात सगळे गुन्हे बुडालेल्या हक्कांतून येत नाहीत. ठगांनी निरपराध वाटसरू मारले, त्यात अन्यायाची दाद मागण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ठगांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये छापलेल्या त्यांच्या जबान्यांत नीतीची भाषा जागोजागी भेटते. बायका, फकीर, धोबी, भाट यांना मारायचं नाही, असा नियम ते सांगतात. काली बीबी नावाच्या स्त्रीचा खून झाला म्हणून आपल्यावर अरिष्ट आलं, असंही ते बोलतात. बाकीच्या खुनांचं काय, तर शकुन चांगला झाला होता, देवीची इच्छा होती, मरणाऱ्याचं नशीब होतं. १९५७ साली अमेरिकेतल्या साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी मांडलं, की कायदा मोडणारे समाजाची नीती धुडकावत नाहीत, ते तिच्यातून स्वतःपुरती सूट काढतात: जबाबदारी माझी नव्हती, फारसं नुकसान झालं नाही, तो त्याच लायकीचा होता, मला दोष देणारेच भ्रष्ट आहेत, मी माझ्या माणसांसाठी केलं. ठगांच्या जबान्यांत यातल्या पहिल्या सबबीचं लखलखीत रूप दिसतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. या जबान्या माफीच्या साक्षीदारांच्या होत्या. फाशी टाळण्यासाठी त्यांनी साहेबाला हवं ते सांगितलं असेल. देवीची गोष्ट स्लीमनने फुगवली, असं किम वॅग्नरसारखे इतिहासकार दाखवतात. मला ते पटतं. पण ठगांचा धर्म काय होता, हे ठरवायला या जबान्या कमी पडत असल्या तरी पकडलेला माणूस आपल्या कृत्याचं समर्थन कसं करतो, हे त्यांत उमटलेलंच आहे. दुसरा आक्षेप असा, की विचारबिचार कसला, भूकच माणसाला चोर करते. भूक खरी आहे, पण तिने कुणाला लुटायचं आणि कुणाला सोडायचं, हे ठरत नाही. १८७५ मध्ये सुपे इथे सुरू होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढून जाळले. जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे झाले. आपल्यावरचा अन्याय कागदात आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

औट्रमच्या पलटणीतला धडा राज्यकर्त्यांच्या हाताशी असूनही कायद्याने उलटी वाट धरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे युक्तिवाद होता, की सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा काही जातींचा गुन्हा हाच पिढीजात धंदा आहे. १९११ मध्ये कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेरी, नोंदणी, वस्तीभोवती तार. मूल जन्मताच संशयित ठरत होतं, त्याने काय केलं आणि का केलं हे विचारायची गरजच उरली नव्हती. ही फार मोठी नैतिक चूक होती. माणसाच्या विचारांचा शोध थांबला की त्याला सुधारण्याचा रस्ताही बंद होतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या.

कागदावरून गेलेला कायदा तपासाच्या सवयीतून मात्र गेला नाही. जून २००३ मध्ये भोकरदनजवळ दरोडा पडला, त्यात ५ जणांचा खून झाला. भटक्या जमातीच्या ६ जणांवर खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. पुढे तेच प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदाराने फोटो पाहून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपास झालाच नाही, हे न्यायालयाने नमूद केलं. इथे सबबी सांगणाऱ्यांच्या रांगेत आरोपी नव्हते. ‘हे लोक तसेच’ हा विचार तपासाच्या बाजूला होता, आणि त्याच्याही मुळाशी साइक्स-मात्झांनी सांगितलेली ‘तो त्याच लायकीचा होता’ हीच सबब आहे. गुन्हेगाराचं डोकं कसं चालतं, हे पोलीस प्रशिक्षणात जरूर शिकवावं. त्याच तासाला १८७१ चा कायदा आणि भोकरदनचा निकालही शिकवावा. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर त्यांची तुरुंगात जवळपास १६ वर्षं गेली होती.