प्राणायाम आणि निद्रा : जुन्या ग्रंथांची साक्ष

१. श्वासाचे कांहीं नियम पाळले असतां चित्त स्वस्थ होतें, झोंप चांगली लागते व प्रकृति सुधारते, असें आज घरोघरीं सांगितलें जातें. त्याबरोबरच, हा उपाय आपल्या पूर्वजांनीं याच कामासाठीं प्राचीन काळीं लिहून ठेवला आहे, असेंहि एक विधान बहुधा जोडलेलें असतें. पहिलें विधान वैद्यांनीं तपासावयाचें आहे. दुसरें मात्र इतिहासाचें विधान आहे, आणि त्याला पुरावा मागणें हें आमचें कर्तव्य आहे. चित्तस्वास्थ्य, आरोग्य व निद्रा हीं तीन फलें आज एका दमांत उच्चारलीं जातात. पण जुन्या ग्रंथांत त्यांचा उगम एके ठिकाणीं नाहीं, असें आम्हांस आढळून आलें. तें ग्रंथवार पुढें मांडीत आहों.

२. प्रथम चित्तस्वास्थ्य. येथें परंपरेचा दावा निर्विवाद खरा ठरतो. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्तविक्षेपाचीं सहचर लक्षणें सांगतांना दुःख, मनाची खिन्नता व अंगाचा कंप यांच्याच पंक्तीला श्वास-प्रश्वास बसविले आहेत. म्हणजे मन विस्कटलें कीं श्वास विस्कटतो, हें निरीक्षण सूत्रकाराच्या पदरीं होतें. त्यानंतर अवघ्या तीन सूत्रांनीं चित्तप्रसादाच्या उपायांत प्राणाचें प्रच्छर्दन व विधारण हा उपाय येतो. प्रच्छर्दन म्हणजे कोठ्यांतील वायु नाकावाटे प्रयत्नपूर्वक बाहेर टाकणें, असा भाष्यकाराचा अर्थ आहे. येथें पूरकाचा स्पष्ट निर्देश नाहीं. आरंभ उच्छ्वासापासून आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होईल. मात्र याच सूत्रकारानें निद्रेची गणना पांच वृत्तींत केली आहे, आणि वृत्तींचा निरोध हेंच ज्या शास्त्राचें ध्येय, तें निद्रा आणण्याचा उपाय सांगेल अशी अपेक्षाच करतां येत नाहीं.

३. दुसरा ओघ धर्मशास्त्राचा. सामान्य गृहस्थाला प्राणायाम माहीत होता तो योगग्रंथांवरून नव्हे, तर संध्येवरून. सप्त व्याहृति, गायत्री व शिरोमंत्र मनांत म्हणत श्वास धरावयाचा, असा तो विधि आहे. म्हणजे मंत्र हेंच तेथें घड्याळ. मनुस्मृतींत तीन प्राणायामांना परम तप म्हटलें आहे, आणि अकराव्या अध्यायांत रोज सोळा प्राणायाम महिनाभर केले असतां घोर पातकहि धुऊन निघतें असें सांगितलें आहे. येथील फल शुद्धि हें आहे. आपल्याकडे कांहींएक न करतां बसणाऱ्याला 'नाक धरून बसला' असें म्हणतात; त्या बोलण्याचें मूळ संध्येंतच आहे. झोंपेचा संबंध येथेंहि नाहीं.

४. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा ओघ हठग्रंथांचा. आजच्या बहुतेक श्वसनप्रकारांचीं नांवें येथूनच आलेलीं आहेत. स्वात्मारामाची हठप्रदीपिका सामान्यतः इसवी सनाच्या पंधराव्या शतकांत ठेवतात. तिच्या दुसऱ्या उपदेशांत सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा व प्लाविनी असे आठ कुंभक दिले आहेत. वायु चंचल तर चित्त चंचल, वायु स्थिर तर चित्त स्थिर, हा सिद्धांत प्रकरणाच्या आरंभींच आला आहे. आरोग्याचाहि उल्लेख आहे : युक्त प्राणायामानें सर्व रोगांचा क्षय होतो. पण लगेच दुसरी बाजू सांगितली आहे कीं, अयुक्त अभ्यासानें सर्व रोग उद्भवतात, आणि उचकी, दमा, खोकला, शिर, कान व डोळे यांच्या वेदना हीं त्यांचीं नांवेंहि दिलीं आहेत. सिंह, हत्ती व वाघ जसे हळूहळू वश करावयाचे तसाच वायु. एरव्हीं तो साधकाचाच घात करतो, असा इशारा आहे.

आतां अभ्यासाचें मान पाहूं. प्रातःकाळीं, मध्याह्नीं, सायंकाळीं व अर्धरात्रीं, प्रत्येक वेळीं हळूहळू ऐंशीपर्यंत कुंभक करावे असें विधान आहे. म्हणजे दिवसाचे ३२० कुंभक झाले, आणि त्यांपैकीं चतुर्थांश ज्या वेळीं जग झोंपलेलें असतें त्या वेळचे! उत्तरोत्तर वाढणाऱ्या अभ्यासाचीं लक्षणें म्हणून प्रथम घाम, मग कंप व शेवटीं स्थानप्राप्ति सांगितली आहे. घाम व कंप हीं विश्रांतीचीं चिन्हें नव्हत. पुढील काळच्या घेरंडसंहितेंत पूरक १६, कुंभक ६४ व रेचक ३२ मात्रांचा क्रम आहे. मात्रा एका सेकंदाची धरली तरी एक आवर्तन ११२ सेकंदांचें होतें.

निद्रेविषयीं तर हठप्रदीपिकेची साक्ष उलटच पडते. सीत्कारीच्या फलांत क्षुधा, तृषा, निद्रा व आलस्य उत्पन्न होत नाहींत असें सांगितलें आहे. खेचरी मुद्रेच्या फलांतहि तंद्रा व निद्रा यांचा अभावच गणला आहे. कोणी म्हणेल कीं, याच ग्रंथांत 'योगनिद्रा' हा शब्द येतो. येतो खरा, पण तेथें तो समाधीच्या अवस्थेचा वाचक आहे, रात्रीच्या झोंपेचा नव्हे. निद्रेला खरा मान मिळतो तो गीतेच्या सहाव्या अध्यायांत : अति झोंपणाऱ्यास व अति जागणाऱ्यास योग नाहीं, झोंप व जागृति दोन्ही मापांत हवीं. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत याच अध्यायावर वज्रासन व कुंडलिनी यांचा विस्तार आला आहे, आणि मित निद्रेचा नियमहि त्याच्या शेजारीं आहे. परंतु तेथें निद्रा हें योगाचें पथ्य आहे, योगाचें फल नव्हे.

५. मग झोंप न येणाऱ्यास जुने वैद्य काय सांगत? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत याचें सविस्तर उत्तर आहे. अभ्यंग, उटणें, स्नान, मांसरस, दह्यासह भात, दूध, स्नेह, मद्य, मनाचें सुख, आवडते गंध व शब्द, सुखकर शय्या, अशी ती यादी आहे. तींत प्राणायामाचें नांव नाहीं. इतकेंच नव्हे, तर अतिनिद्रा घालविण्याच्या उपायांत उपवास, व्यायाम वगैरेंबरोबर सत्त्वाची वाढ व तमाचा जय हे सांगितले आहेत. योग्याची झोंप कमी होते या हठग्रंथांच्या म्हणण्याशीं हें जुळतें. तात्पर्य, योगी व वैद्य यांचीं शास्त्रें या प्रश्नावर एकमेकांशीं भांडत नाहींत. दोघेहि प्राणायामाला निद्रेचें औषध म्हणत नाहींत, एवढेंच.

६. मग आजची समजूत आली कोठून? आमच्या मतें तिच्या घडणीचें एक प्रमुख स्थळ महाराष्ट्रांतच दाखवितां येतें. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), हे बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायाम व नर्मदातीरींच्या माधवदासजींकडे योग शिकले. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. क्ष-किरण व दाबमापक यंत्रें लावून त्यांनीं योगक्रियांची परीक्षा आरंभिली. प्राणायामानें शरीरास जास्त प्राणवायु मिळतो ही लोकप्रिय समजूतहि त्यांनीं प्रयोगांनीं तपासून अमान्य केली, ही गोष्ट त्यांच्या सचोटीची द्योतक आहे. प्राणायामावरील आपल्या पुस्तकांत अध्यात्मार्थी व व्यायामार्थी असे साधकांचे दोन वर्ग त्यांनीं वेगळे धरले. हा भेद ऐतिहासिकदृष्ट्या फार मोलाचा आहे. अर्धरात्रीं ऐंशी कुंभक करणारा साधक आणि घरीं दहा मिनिटें सावकाश श्वास घेणारा गृहस्थ हे एक नव्हत, हें त्यांत गृहीत आहे.

७. अलीकडील शरीरशास्त्रानें या दुसऱ्या गृहस्थाची बाजू बरीच उचलून धरली आहे. प्रौढ मनुष्य विसांव्यांत मिनिटास सुमारें १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला असतां रक्तदाब सांवरणारी शरीरांतील यंत्रणा अधिक तत्पर होते. उच्छ्वास चालू असतांना हृदयाची गति किंचित् मंदावते, म्हणून लांब उच्छ्वास शांततेस अनुकूल होतो. २००१ सालीं इटलींतील पाव्हिया येथील लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २३ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग तर आमच्या विषयास फार जवळचा आहे. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना व बौद्धांचा षडक्षरी मंत्र, या दोहोंच्या पठनानें श्वास मिनिटास सुमारें सहावर आला. मंत्र हें श्वासाचें घड्याळ होऊं शकतें, हें यंत्रानें दिसलें. संध्येंतील योजना याच जातीची असली, तरी तेथें श्वास धरावयाचा असतो, म्हणून दोन्ही अगदीं एक मानूं नयेत. त्याचप्रमाणें सूत्रांतील प्रच्छर्दनाचा लांब उच्छ्वासाशीं मेळ बसतो, म्हणून सूत्रकारास नाडीतंतूंचें ज्ञान होतें असें म्हणणें हें अतिव्याप्तीचें होईल. त्याला श्वास व मन यांचा संबंध अनुभवानें ठाऊक होता, एवढेंच सिद्ध होतें, आणि तेवढेंहि थोडें नाहीं.

८. निर्णय असा : चित्तस्वास्थ्याचा दावा जुना व सप्रमाण आहे, आरोग्याचा दावा जुना पण सशर्त आहे, निद्रेचा दावा वरील ग्रंथांत नाहीं, तो नव्या काळाचा आहे. नवा म्हणून तो खोटा ठरत नाहीं. शांत चित्तास झोंप लवकर लागावी हें स्वाभाविकच आहे. परंतु त्यास जुन्या ग्रंथांची मुद्रा लावली कीं दुहेरी नुकसान होतें. इतिहास बिघडतो, आणि ग्रंथाच्या नांवावर विश्वासून कोणी दुर्बळ हृदयाचा मनुष्य ६४ मात्रांचा कुंभक करूं लागला तर त्याची प्रकृतिहि बिघडते. ग्रंथकारांनीं स्वतः दिलेला इशारा गाळून त्यांचें नुसतें फल उद्धृत करणें हा त्यांच्यावर अन्याय आहे.

९. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. हठप्रदीपिका चार उपदेशांची म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं संपादिलेल्या कैवल्यधामाच्या १९७० च्या आवृत्तींत पांचवा उपदेशहि आहे, आणि त्याचा विषय अभ्यासांतील चुकीनें बिघडलेल्या वायूची चिकित्सा हाच आहे. पुढें २००१ सालीं लोणावळ्याहूनच दहा उपदेशांची प्रतहि छापली गेली. चौथा उपदेश संपला म्हणजे ग्रंथ संपला असें समजून पुढील पानें वैद्यकाचीं सुटीं पानें म्हणून वेगळ्या बाडांत बांधलीं जाण्याचा संभव आहे. आपल्या दप्तरांत अशीं पानें असल्यास अक्षर, कागद व पत्रांक मूळ पोथीशीं ताडून पाहावे आणि सूचींत तशी नोंद करावी. श्वासानें सुख होतें हें सांगणारे पुष्कळ आहेत; त्यानें दुःख झाल्यास काय करावें हें ज्यांनीं लिहून ठेवलें, त्यांचीं पानें हरवूं देऊं नयेत.