यजमान कुटुंब
१२. नॉर्वेचे आई-बाबा : येथे उल्लेख यजमान कुटुंबाचा आहे. एएफएस, रोटरी यांसारख्या संस्थांच्या विनिमय कार्यक्रमातून गेलेला विद्यार्थी ऑगस्ट ते जून हे नॉर्वेचे शालेय वर्ष अशा घरी घरच्या मुलासारखा राहतो. पहिल्या महायुद्धात जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या संघटनेतून एएफएस घडली; १९४७मध्ये तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. यजमान कुटुंब राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला आली की लोणंदची घरे अनोळखी वारकऱ्यांना अशाच मायेने जेवू घालतात. फरक मुदतीचा. वर्षभराच्या सहवासात घरची कामे, शिस्त, रुसवेफुगवेही वाट्याला येतात. शाळेचा पाव-चीजचा डबा बहुधा मुलानेच भरायचा असतो. उत्तरेकडील ट्रोम्सो शहरात तर नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा दिवसांत परक्या मुलाला घरातली माणसेच सावरतात. म्हणून या प्रकरणातील स्वयंपाकघराचे आणि जेवणाच्या टेबलावरचे बारीकसारीक तपशील संपादनात कुठेही कापलेले नाहीत.