नकलेचा प्रवास : बोरू ते कळफलक

होळकर दरबारातील कारकुनास पत्राची नक्कल करावयाची म्हणजे मूळ कागद समोर ठेवून तो बोरूने पुन्हा संपूर्ण लिहावा लागे. हात न उचलता चालणारी मोडी आणि ‘सा. न. वि. वि.’ यांसारखी संक्षेपरूपे, एवढीच श्रम वाचविण्याची साधने. छापखाना आला तरी संपादक हस्तलिखिताचा परिच्छेद कात्रीने कापून खळीने दुसरीकडे चिकटवीतच.

हीच कात्री व खळ संगणकात शिरली. 1970च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी ‘जिप्सी’ ही लेखनप्रणाली घडविली. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ ही नावे संपादकांच्या मेजावरूनच आली. अॅपलच्या लिसा (1983) व मॅकिंटॉश (1984) या संगणकांनी ती सामान्यांपर्यंत पोहोचविली.

आज विंडोज संगणकावर शब्दावर माउसने दोनदा टिचकी मारली की तो निवडला जातो. शिफ्ट दाबून बाणाची कळ चालविली की निवड अक्षरागणिक वाढते, जोडीला कंट्रोल दाबल्यास शब्दागणिक. मग कंट्रोलसह सी म्हणजे नक्कल, एक्स म्हणजे कापणे, व्ही म्हणजे चिकटविणे. हातून चुकले तर झेड! बोरूला ही सोय नव्हती.

मात्र देवनागरीची वाट सरळ नव्हती. मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत रुळलेल्या ‘कृतिदेव’सारख्या टंकांत संगणकाच्या लेखी रोमन चिन्हेच असतात, देवनागरी हा केवळ त्यांचा पेहराव. तो मजकूर दुसरीकडे चिकटविला की पेहराव गळतो आणि निरर्थक रोमन अक्षरे उरतात. युनिकोडने 1991 साली देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र संकेत दिला, 2014 साली मोडीसही. नक्कल खऱ्या अर्थाने नक्कल ठरली ती त्यामुळे.

आपल्या इंदूरकर घराण्यांनी हे मनावर घ्यावयास हवे. मोडी वाचणारे विरळ झाले आणि घरोघरचे रुमाल मुके झाले. जुन्या टंकांत उतरविलेल्या वंशावळी, कुलवृत्तांत व संस्थांचे अहवाल यांची गत तीच होऊ नये. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत आणि मुळाशी ओळ न् ओळ ताडून पाहावेत. कारकून नक्कल करताना निदान वाचत तरी असे. कळफलक न वाचताच नक्कल करतो. ते वाचन आता आपणांसच करावयाचे आहे.