सेवेसो : सांगण्याची जबाबदारी कोणाची?

१० जुलै १९७६, शनिवार. इटलीत मिलानच्या उत्तरेला, मेडा गावातल्या इक्मेसा कारखान्यात आठवड्याच्या सुट्टीसाठी काम थांबलं होतं. ट्रायक्लोरोफिनॉलची बॅच मात्र रिअ‍ॅक्टरमध्ये अर्धवट पडून होती. आतलं तापमान वाढत गेलं, दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरक्षेची चकती फुटली आणि बाहेर पडलेला ढग वाऱ्याबरोबर शेजारच्या सेवेसोवर गेला. त्यात डायॉक्सिन होतं.

डायॉक्सिन हा कारखान्याचा माल नव्हता. ही प्रक्रिया फार तापली की ते तयार होतं. रसायन उद्योगाला हे माहीत होतं. जर्मनीत लुडविग्सहाफेनला १९५३ साली आणि इंग्लंडमध्ये डर्बीशायरला १९६८ साली याच रसायनाच्या कारखान्यांत अपघात झाले होते, कामगारांच्या अंगावर पुरळ उठले होते. सेवेसोच्या लोकांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. आधी ससे, कोंबड्या मेल्या, मग मुलांच्या चेहऱ्यावर फोड आले. कारखाना जिवोदाँचा आणि जिवोदाँ रोश या बड्या स्विस कंपनीची. 'डायॉक्सिन' हे नाव अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचायला सुमारे दहा दिवस गेले. घरं रिकामी करायला सुरुवात झाली २६ जुलैला. सातशेहून अधिक लोक हलवले गेले.

अपघातापेक्षा हे मधले दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्यांना धोका कळत होता ते एकीकडे होते आणि ज्यांच्यावर तो कोसळला ते दुसरीकडे. कंपनीने बोललंच पाहिजे, असं सांगणारा युरोपीय कायदा तेव्हा नव्हता.

तो १९८२ मध्ये आला. 'सेवेसो निर्देश' या नावानेच तो ओळखला जातो. कारखान्यात कोणती घातक रसायनं किती आहेत, काय बिघडू शकतं, हे मालकाने सरकारला कळवायचं. आसपासच्या लोकांनाही काय करायचं ते माहीत हवं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेवेसोच्या विषारी कचऱ्याची ४१ पिंपं इटलीबाहेर गेली आणि बेपत्ता झाली. मे १९८३ मध्ये ती उत्तर फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात सापडली. पुढे भोपाळ आणि बाझेलच्या दुर्घटनांनंतर निर्देश आणखी कडक झाला.

तरी एक भगदाड उरलं होतं. हा निर्देश कारखान्यातल्या अपघातांपुरता होता. बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या रसायनांचं काय? १९८१ आधीपासून वापरात असलेली सुमारे एक लाख रसायनं जवळपास विनाचौकशी चालू होती. घातकपणा सिद्ध करायचं ओझं सरकारवर होतं. १ जून २००७ पासून लागू झालेल्या 'रीच' कायद्याने ते ओझं उत्पादक आणि आयातदारांवर टाकलं. वर्षाला एक टनापासून पुढे नोंदणी सक्तीची, आणि माहिती नसेल तर बाजारही नाही.

पण ही माहितीही कंपनीच पुरवते. ती तपासणारे हात पुरेसे नसतील, तर नोंदणीचे कागद म्हणजे पुन्हा कंपनीचाच शब्द. १९७६ च्या जुलैत दहा दिवस तोच शब्द आला नव्हता.