कमी धक्क्याचे रायफल काडतूस

कमी धक्क्याचे रायफल काडतूस म्हणजे ज्याचा बार उडविल्यावर रायफलीचा दस्ता नेमबाजाच्या खांद्यावर अल्प जोराने आदळतो असे काडतूस होय. बार उडताना रायफल मागे ढकलली जाते. या क्रियेस प्रत्याघात किंवा बोलीभाषेत 'धक्का' म्हणतात. या वर्गातील सर्वांत प्रचलित काडतूस म्हणजे ०.२२ इंच व्यासाचे 'लाँग रायफल' काडतूस. भारतात ते 'पॉइंट टू-टू' या नावाने ओळखले जाते. जगात अशी काडतुसे लक्ष्यवेध आणि शिकार या दोन्हींसाठी निवडली जातात. भारतात मात्र शिकारीवर कायद्याने बंदी असल्यामुळे त्यांचा विचार मुख्यतः नेमबाजी या क्रीडाप्रकाराच्या संदर्भात होतो.

प्रत्याघाताची कारणे

प्रत्याघात हा न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचा परिणाम आहे. गोळी आणि दारूचे जळालेले वायू ज्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. त्यामुळे धक्क्याचे प्रमाण पुढील चार गोष्टींवर अवलंबून असते : गोळीचे वजन, गोळीचा वेग, दारूचे वजन आणि रायफलीचे वजन. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन दुप्पट केले, तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. दस्त्याचा आकार आणि त्यामागील रबरी गादी यांमुळे ऊर्जा बदलत नाही. मात्र ती खांद्याच्या अधिक भागावर आणि थोड्या अधिक वेळात पसरते, म्हणून धक्का सौम्य वाटतो.

उदाहरणादाखल दोन काडतुसांची तुलना करता येईल. पॉइंट टू-टू काडतुसाची गोळी साधारणतः २.६ ग्रॅम (४० ग्रेन) वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल असते. ब्रिटिश आमदानीपासून भारतीय सैन्यात व पोलिसांत वापरल्या गेलेल्या 'थ्री-नॉट-थ्री' (०.३०३ इंच) काडतुसाची गोळी ११.३ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर, तर ऊर्जा सुमारे ३,१०० ज्यूल असते. दोन्ही रायफली चार किलोच्या आहेत असे मानल्यास पहिलीचा धक्का सुमारे ०.१ ज्यूल आणि दुसरीचा सुमारे १५ ज्यूल भरतो. म्हणजे गोळीची ऊर्जा सुमारे बावीस पट, तर धक्का शंभर पटींहून अधिक वाढतो.

अचूकतेशी संबंध

जोराचा धक्का बसणार हे ठाऊक असलेला नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आवळतो किंवा चापाला हिसका देतो. गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच नेम ढळतो. ही सवय एकदा जडली की सुटणे कठीण असते. म्हणूनच नवशिक्यांना प्रथम छऱ्याची हवाई रायफल, नंतर पॉइंट टू-टू आणि त्यानंतरच मोठी रायफल देण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांनाही पॉइंट टू-टू रायफलीवरच नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. धक्का कमी असल्यास श्वास, शरीराची ठेवण आणि चाप ओढण्याची रीत यांकडे पूर्ण लक्ष देता येते व एका बैठकीत अनेक बार उडविता येतात.

पॉइंट टू-टू काडतूस

लाँग रायफल काडतूस अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स या कंपनीने १८८७ मध्ये प्रचारात आणले. यात ठिणगी पाडणारे मिश्रण टोपणाच्या बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ वळणात भरलेले असते. रायफलीची सुई या कडेवर आघात करते, म्हणून या रचनेस 'रिमफायर' म्हणतात. असे टोपण एकदा वापरल्यावर पुन्हा भरता येत नाही.

हे काडतूस ध्वनीच्या वेगाहून कमी आणि अधिक अशा दोन्ही वेगांत मिळते. स्पर्धक कमी वेगाचे काडतूस पसंत करतात. ध्वनीहून वेगाने निघालेली गोळी हवेच्या रोधामुळे मंदावते आणि ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना डळमळते. त्यामुळे लक्ष्यावरील गोळ्यांचा पुंजका विस्कटतो. प्रत्येक नळीला विशिष्ट काडतूस अधिक मानवते. म्हणून अनुभवी नेमबाज एकाच कंपनीच्या निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून उडवून पाहतात आणि ज्या खेपेचा पुंजका लहान येतो तिचाच साठा करतात.

५० मीटर रायफल स्पर्धेत हेच काडतूस वापरले जाते. तेथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो. ३०० मीटर स्पर्धेसाठी मध्यभागी आघात होणारी काडतुसे लागतात. तेथेही ६ किंवा ६.५ मिलिमीटर व्यासाची, मध्यम धक्क्याची काडतुसे लोकप्रिय आहेत.

महाराष्ट्रातील नेमबाजी

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने आजही अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. महाराष्ट्रात मुंबईतील वरळी आणि पुण्यातील बालेवाडी येथील नेमबाजी केंद्रे प्रसिद्ध आहेत.

पॉइंट टू-टू रायफलीच्या प्रकारांत महाराष्ट्राच्या नेमबाजांची कामगिरी लक्षणीय आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील हे भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते.

शिकारीसाठी निवड

ज्या देशांत परवाना घेऊन शिकार करता येते, तेथे काडतूस निवडताना धक्का हा एकमेव निकष नसतो. गोळीने प्राणी तत्काळ मरावा, जखमी होऊन निसटू नये, ही शिकारीची पहिली अट मानली जाते. म्हणून पॉइंट टू-टू काडतूस तेथे ससा, खार यांसारख्या लहान प्राण्यांपुरतेच वापरतात, आणि हरणांच्या शिकारीस अनेक ठिकाणी ते कायद्याने निषिद्ध आहे. हरणांसाठी ६.५ × ५५ स्वीडिश, ०.२४३ विंचेस्टर (१९५५) आणि ७ × ५७ माउझर (१८९२) ही तुलनेने सौम्य काडतुसे निवडली जातात. ७ × ५७ हेच काडतूस इंग्लंडमध्ये ०.२७५ रिग्बी या नावाने विकले गेले. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये याच काडतुसाची रायफल भेट मिळाली होती.

कायदा आणि मनोर परिसर

पालघर जिल्ह्यातील मनोर हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील गाव आहे. त्याच्या पूर्वेस विक्रमगड, जव्हार आणि वाडा हा डोंगराळ व वनाच्छादित प्रदेश पसरला आहे. वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी जमातींची येथे वस्ती असून तीरकमठा, गलोल व जाळी ही त्यांची शिकारीची पारंपरिक साधने होत. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याखाली शिकारीसाठी परवाने मिळत असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यावर ती व्यवस्था संपली. आज ससा, भेकर किंवा रानडुक्कर यांपैकी कशाचीही शिकार परवानगीशिवाय करणे गुन्हा आहे. साधन रायफल असो वा फासा, त्याने फरक पडत नाही. मानवी जीवितास किंवा उभ्या पिकास धोका निर्माण झाल्यास याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार सक्षम वनाधिकारी लेखी आदेश देऊ शकतात. असा आदेश नसताना शेतकऱ्याने स्वतः गोळी झाडणे कायद्यात बसत नाही. शेतरक्षणासाठी मिळालेला शस्त्रपरवाना हा शिकारीचा परवाना ठरत नाही.

पॉइंट टू-टू रायफलीस शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक असतो.

सुरक्षितता

कमी धक्का म्हणजे कमी धोका, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. धक्का नेमबाजाला जाणवतो, तर गोळीचा परिणाम समोरच्याला भोगावा लागतो. पॉइंट टू-टू गोळी सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते आणि ती माणसाचा जीव घेण्यास पुरेशी असते. शिसे मऊ असले तरी दगडावर, कठीण जमिनीवर किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपी आदळून ती भलत्याच दिशेने उसळते. मनोरसारख्या परिसरात शेते, पाडे आणि वाटा एकमेकांना लागून असल्याने उघड्यावर केलेला सराव जीवघेणा ठरू शकतो. मागे मातीचा उंच बांध असलेल्या अधिकृत केंद्रावरच सराव करणे, रायफल नेहमी भरलेली आहे असे समजून हाताळणे आणि नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे हे नियम हलक्या काडतुसालाही तितकेच लागू होतात.

हे सुद्धा पहा

नेमबाजी
काडतूस
तेजस्विनी सावंत
स्वप्निल कुसाळे
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
मनोर