अक्षर बांधलेले, स्वर मोकळा : कैरोचे कुराणपाठक

दिनांक ३१ मे १९३४ रोजी कैरो येथे ईजिप्तचे सरकारी नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या केंद्रावरून श्रोत्यांच्या कानी जो पहिला आवाज पडला तो कोणा मंत्र्याचा वा गवयाचा नव्हता. तो शेख मुहम्मद रिफअत या अंध कुराणपाठकाचा होता. शेखसाहेबांनी हे निमंत्रण लागलीच स्वीकारले होते असे मात्र नव्हे. कुराणाचे पठण ही उपासना. ती यंत्राच्या हवाली करावी काय? हा आवाज कॉफीगृहांत जाईल, गुत्त्यांतही जाईल. तेथील माणसे अदबीने ऐकतील याची हमी कोणी द्यावी? या शंकेने ते अडून बसले. अखेरीस अल् अझहर या विद्यापीठाचे तत्कालीन प्रमुख शेख अल् जवाहिरी यांजकडे त्यांनी धर्मनिर्णय मागितला आणि तो अनुकूल मिळाल्यावरच ते ध्वनिक्षेपकासमोर बसले. कुराणाच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायाचा आरंभ त्यांनी त्या दिवशी म्हटला.

देवळाच्या सभामंडपात वेदघोष ऐकत वाढलेल्या वाचकास ही शंका परकी वाटण्याचे कारण नाही. मंत्र कोणी म्हणावा, कोठे म्हणावा, कोणाच्या कानी पडावा, हा खल आपल्याकडेही थोडा झालेला नाही. गुरुमुखातून शिष्याच्या कंठात उतरणारी विद्या, पाठांतरावरचा अढळ विश्वास, लिखित पोथीला दिलेले दुय्यम स्थान, ही साम्येही कोणाच्या सहज ध्यानात येतील. तथापि या दोन पठणपरंपरांत एक मूलगामी भेद आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून कैरोच्या पाठकांची थोरवी नेमकी कशात आहे हे कळावयाचे नाही. वेदांत उदात्त, अनुदात्त, स्वरित हे मंत्राचेच अंग होय. ‘इंद्रशत्रु’ या एका शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राचा घात करावयास निघालेला वृत्र स्वतःच मारला गेला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कुराणात व्यवस्था निराळी आहे. तेथे अक्षर बांधलेले, मात्रा बांधलेली, विराम बांधलेला. स्वर तेवढा मोकळा. मोकळा म्हणजे केवळ सवलत म्हणून मोकळा नव्हे. तो मोकळाच राहिला पाहिजे, अशी तेथील जाणत्यांची धारणा आहे.

उच्चारणाच्या शास्त्रास ‘तज्वीद’ म्हणतात. आपल्या शिक्षाग्रंथांशी परिचय असलेल्यास ते वाचताना जुन्या ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटेल. कंठ, तालू, दंत, ओष्ठ यांचा विचार तेथेही त्याच बारकाईने केलेला आहे. इब्न अल् जजरी (मृत्यू १४२९) या आचार्याने वर्णोच्चाराची सतरा स्थाने सांगितली. दीर्घ स्वर कोठे दोन मात्रा धरावा, कोठे चार, कोठे सहा; नकार कोठे स्पष्ट म्हणावा आणि कोठे नाकात घोळवावा; हे सारे नियमांनी ठरलेले आहे. विरामाचे नियम तर अर्थाशीच निगडित आहेत. नशेत असताना प्रार्थनेस येऊ नये, अशी एक आज्ञा कुराणात आहे. तिच्या मध्येच कोणी श्वास सोडला तर प्रार्थनेलाच येऊ नये असा भलताच अर्थ निघतो, आणि हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याने सांगतात. त्यातच पाठभेदांच्या शाखा आहेत. इब्न मुजाहिद (मृत्यू ९३६) याने त्यांपैकी सात प्रमाण मानल्या. पुढे दहा मानल्या गेल्या. आज बहुतेक मुसलमान जगतात हफ्स याची शाखा चालते, तर मोरोक्कोकडील प्रदेशात वर्श याची.

इतकी बंधने पाळून झाल्यावर पाठकास दोन वाटा मोकळ्या असतात. एक ‘मुरत्तल’. संथ, सरळ, थोडक्या स्वरांत फिरणारी. अभ्यासाची आणि नित्यपठणाची. दुसरी ‘मुजव्वद’. हिच्यात पाठक एकेक वाक्यखंड घेतो, तो दोनदा-तीनदा निरनिराळ्या स्वरांनी म्हणतो, खालच्या सप्तकातून वर चढत जातो आणि प्रत्येक खंडानंतर दीर्घ काळ थांबतो. त्या स्तब्धतेत श्रोत्यांमधून ‘अल्ला!’ असा उद्गार उठतो. स्वरांची चौकट ‘मकाम’ या पद्धतीची असते. मकाम म्हणजे आपला राग असे म्हटल्यास अगदीच चुकणार नाही, मात्र त्यातील काही स्वर आपल्या शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कोठे तरी बसतात. बहुधा बयाती या मकामाने आरंभ व्हावा आणि बयातीनेच शेवट व्हावा. मध्ये रास्त, हिजाज, नहावंद, सीका, आणि शोकाचा प्रसंग आला की सबा, अशी रीत आहे. वाद्य नाही. ताल नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधी बांधलेली चाल नाही. पाठकाने ती त्या क्षणी शोधावयाची आणि तेथेच सोडून द्यावयाची.

याचे कारण विचार करण्याजोगे आहे. चाल एकदा ठरली की ती ईश्वराच्या शब्दास चिकटते, आणि ती रचणारा असतो माणूस. उद्या लोक ती चालच पवित्र मानू लागतील. शब्द ईश्वराचा आणि चाल अमुक उस्तादाची, ही जोडी धर्मशास्त्र्यांस मान्य होणे शक्य नव्हते. कुराणास स्वरबद्ध करून वाद्यांसह सादर करावे अशी इच्छा विसाव्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील काही संगीतकारांनी बोलून दाखविली, तेव्हा ती मोडून काढण्यात आली. गोड आवाजाविषयीही मतभेद जुनेच आहेत. इमाम मलिक यांस स्वर लावून केलेले पठण रुचत नसे. इमाम शाफिई यांनी त्यास मुभा दिली. ईजिप्तच्या लोकांनी यात कोणाचा पक्ष घेतला हे वेगळे सांगावयास नको.

शेख रिफअत यांचा जन्म कैरो येथे १८८२ साली झाला. वयाच्या दुसऱ्या वर्षीच दृष्टी गेली. अंध मुलास कुराण पाठ करावयास बसविणे ही त्या देशातील सर्वसाधारण रीत. कित्येक मोठे पाठक तिच्यातून निपजले. कैरोतील फादिल पाशा मशिदीत ते शुक्रवारी पठण करीत. त्यांचा आवाज भव्य नव्हता. तो उंच, पातळ, किंचित कंपयुक्त असा होता, आणि त्यात एक अशी आर्तता होती की जुन्या तबकड्यांच्या खरखरीतूनही ती आजच्या श्रोत्यास स्पर्श करते. सूर मोजका आणि अर्थ आधी. पुढे १९४० नंतरच्या काळात त्यांस घशाचा असाध्य विकार जडला आणि पठण थांबले. चाहत्यांनी उपचारासाठी वर्गणी जमविली. ती त्यांनी घेतली नाही. १९५० साली ते निवर्तले. नभोवाणीने त्या काळी कार्यक्रम जतन करण्याची फारशी तसदी घेतलेली नव्हती. आज त्यांचे जे पठण ऐकावयास मिळते त्यातील बराच भाग जकरिया महरान या एका चाहत्याने घरी रेडिओ ऐकता ऐकता तबकड्यांवर उतरवून ठेवला होता, म्हणून वाचला. एका गृहस्थाच्या छंदावर एवढा मोठा ठेवा तरावा, हे जितके सुदैवाचे तितकेच भयावह वाटते.

मुस्तफा इस्माईल (१९०५–१९७८) यांची जात अगदी निराळी. तान्ता नगराजवळील मीत गझाल हे त्यांचे गाव. १९४० नंतरच्या काळात त्यांचे पठण रेडिओवरून राजे फारूक यांच्या कानी गेले आणि राजवाड्यातील रमजानच्या बैठकीसाठी बोलावणे आले. त्यांनी संगीतशाळेत पाऊल ठेवले नव्हते. तरीही एका मकामातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ते असे सरकत की सांधा कोठे आहे हे निष्णात गायकांनाही सांगता येत नसे. आमच्या मते या कलेचे सारे मर्म त्यांच्या पठणात सापडते. आरंभीची दहा-पंधरा मिनिटे ते जवळजवळ बोलल्यासारखे म्हणत. श्रोता थोडा निराशही होई. मग आवाज उघडत जाई. भीतीचे वचन, दयेचे वचन, प्रश्न, उत्तर, प्रत्येकास निराळा स्वर मिळे. आणि एकच वाक्य ते तीनदा म्हणत तेव्हा तीन अर्थ उभे राहत. तोच अध्याय महिनाभराने पुन्हा ऐकावा तर चाल पूर्णपणे बदललेली. स्टुडिओत अर्ध्या तासाची मर्यादा असे, आणि ती त्यांस मानवत नसे. त्यांचे खरे वैभव खेड्यापाड्यांतील शोकसभांत आणि रात्रभराच्या बैठकांत प्रकट झाले, आणि ते आपणांपर्यंत पोहोचले तेही श्रोत्यांनी स्वतः यंत्रे नेऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे.

अब्दुल बासित अब्दुस्समद (१९२७–१९८८) हे नाव भारतातही घरोघर ठाऊक आहे. दक्षिण ईजिप्तमधील अरमंतकडचा हा तरुण १९५० च्या सुमारास कैरोस आला, सय्यिदा जैनब मशिदीत एका रात्री त्याने पठण केले आणि पुढल्याच वर्षी तो रेडिओवर गेला. तलवारीच्या पात्यासारखा लखलखीत आवाज, आणि श्वास असा की अनेक वचने एका दमात जावीत व श्रोत्यांनीच घाबरून श्वास रोखावा. दम दाखविण्याचा मोह त्यांस कधी कधी आवरत नसे, असे म्हणणारे रसिक ईजिप्तमध्येही होते. सुस्वर पठणास मुभा देणाऱ्या इमाम शाफिईंच्या कबरीजवळील मशिदीतच ते पुढे पाठक झाले, हा योगायोग मोठा गोड आहे. मुहम्मद सिद्दीक अल् मिन्शावी (१९२०–१९६९) हेही दक्षिणेचेच. त्यांच्या आवाजात अश्रू आहेत असे लोक म्हणत. ते ऐकल्यावर याहून दुसरे काही सुचत नाही. रेडिओच्या आरंभीच्या वर्षांत मुनीरा अब्दुहू यांच्यासारख्या स्त्रियाही पठण करीत, परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते आवाज बंद झाले. ईजिप्तच्या थोर गायिका उम्म कुलसूम यांचे बालपणीचे शिक्षणही खेड्यातील कुराणशाळेतच झाले होते. त्यांचे शब्दोच्चार एवढे स्वच्छ कसे, असा प्रश्न पडलेल्यांस जाणकार त्या शाळेकडे बोट दाखवीत.

आता ज्या घटनेने या परंपरेस वळण दिले तिच्याकडे येऊ. १९५९ मध्ये लबीब अल् सईद या गृहस्थांनी संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित करण्याची योजना मांडली. पैगंबरांच्या मृत्यूनंतर यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले कित्येक जण मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी ते एकत्र लिहवून घेतले अशी परंपरा आहे. तोच दाखला देऊन लबीब म्हणू लागले की लिखित संकलन झाले, आता वाणीचे संकलन व्हावे. कारण अचूक म्हणणारे वृद्ध पाठक एकेक करून जात आहेत. या कामासाठी मुजव्वदचे जादूगार निवडले गेले नाहीत. निवड झाली शेख महमूद खलील अल् हुसरी (१९१७–१९८०) यांची. शांत, शिस्तबद्ध, व्याकरणासारखा निर्दोष असा हा पाठक. १९६१ साली त्यांच्या मुरत्तल पठणाच्या तबकड्या बाहेर आल्या, आणि २५ मार्च १९६४ पासून कैरोत केवळ कुराणासाठी स्वतंत्र नभोवाणी केंद्र सुरू झाले. कोणत्याही खेड्यातील मुलास आता निर्दोष गुरू घरबसल्या लाभला.

लबीब यांचा हेतू मुरत्तलच्या बाबतीत पूर्ण सफल झाला. तेथे जपावयाचे होते ते उच्चारण, आणि ते बांधलेलेच होते. मुजव्वदच्या ध्वनिफितींनी मात्र नकळत वेगळेच केले. जी चाल त्या क्षणीच विरून जावयाची होती ती फितीवर टिकली. अब्दुल बासितांनी एका रात्री सहज घेतलेले वळण हजारो मुलांनी शंभरदा ऐकले आणि जसेच्या तसे उचलले. चाल रचण्यास धर्मशास्त्र्यांनी जी मनाई केली होती ती संगीतकारांस मोडता आली नाही. ती यंत्राने मोडली. मुस्तफा इस्माईल यांचेही अनुकरण झाले. परंतु ज्यांचे पठण दर वेळी बदलत असे त्यांची एकच फीत पाठ करणे म्हणजे त्यांच्याकडून नेमके जे शिकावयाचे तेच सोडून देणे होय.

या अनुकरणाचा विलक्षण प्रकार दूर इंडोनेशियात दिसतो. तेथे १९६८ पासून कुराणपठणाच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात, आणि त्यांत स्त्रियाही पुरुषांइतक्याच मानाने भाग घेतात. मारिया उल्फा या विदुषीने १९८० साली मलेशियातील आंतरराष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. तेथील विद्यार्थ्यांची मातृभाषा अरबी नाही आणि मकामही त्यांच्या मातीतले नाहीत. म्हणून ते ईजिप्तच्या पाठकांच्या फिती ऐकून आणि अरबी स्तोत्रांच्या ठरीव चाली पाठ करून एकेक मकाम कंठात बसवितात. बसविल्यावर त्या चाली मोडून, जोडून, प्रत्येक वचनास नव्याने लावणे हा शिक्षणाचा पुढला भाग. पुष्कळ जण पहिल्याच पायरीवर थांबतात. काही थोडे पुढे जातात आणि स्पर्धेच्या मंचावर, परीक्षकांच्या घड्याळाकडे पाहत, ठरल्या वेळात स्वतःचे असे काही म्हणू पाहतात.